अजगराचे पालकत्व

नागपंचमीला वारुळापुढे हात जोडणाऱ्या नांदेड-लातूरच्या मध्यमवर्गीय घरांतही मुले अजगर पाळण्याचा हट्ट धरू लागली, तर नवल वाटू नये. परंतु किनवटच्या रानातला भारतीय अजगर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तो घरी बाळगणे हा किमान ३ वर्षांच्या कारावासाचा गुन्हा होय. म्हणून हौशी मंडळी विदेशी अजगरांकडे वळतात. आफ्रिकेतील बॉल पायथनचीही २०२४ च्या नियमांनुसार नोंदणी बंधनकारक आहे. पण कागद पुरे झाले म्हणजे पालकत्व पुरे झाले काय? ऊन-सावली निवडून देहाचे तापमान राखणारा हा जीव. लातूरच्या मे महिन्यात, वीज गेलेल्या दुपारी, त्याची काचपेटी भट्टी होते. शिवाय तो वीस-पंचवीस वर्षे जगतो. आठवीतला मुलगा शिकून पुण्याला जातो, अजगर आईच्या गळ्यात पडतो; आणि शाकाहारी घरात उंदरांची सोय करायची कुणी? (भाजी-भाकरीवर तो भागवणार नाही!) दत्तकच घ्यायचे, तर मैसूरच्या प्राणिसंग्रहालयासारख्या ठिकाणी प्राण्यांच्या पोषणाचा भार उचलता येतो. आणि शेतात अजगर दिसलाच, तर काठी खाली ठेवून वनविभागाचा १९२६ हा क्रमांक फिरवावा.