आधी विका, मग परत मागवा!

एडिसनच्या ओक ट्री रोडवर बाजार करणाऱ्या मराठी गिऱ्हाइकांस,

अमेरिकेच्या शेती खात्याने, म्हणजे यूएसडीएने काढलेली मांसाच्या रिकॉलची सूचना आपल्यापैकी किती जणांनी शेवटपर्यंत वाचली असेल? त्यातल्या एका जातीच्या सूचनेचा साचा ठरलेला आहे. अमुक आयातदाराचा इतके पौंड माल परत मागवला जात आहे. हा माल आयात-तपासणी न होताच देशात आला. नेहमीच्या पाहणीत तो एका दुकानात आढळला. कोणी आजारी पडल्याची खात्रीलायक नोंद नाही. घरात असल्यास टाकून द्यावा किंवा दुकानात परत करावा.

यातलं ‘कोणी आजारी पडल्याची नोंद नाही’ हे वाक्य धंदेवाल्यांच्या फार कामाचं. विचारायला जा, उत्तर तयार: “जरा पेपरवर्क राहिलं होतं हो, माल एकदम फर्स्ट क्लास.” आपणही मान डोलावतो आणि पिशवी उचलतो. आमचं भांडण या उत्तराशी आहे.

पेपरवर्क म्हणजे काय ते एकदा नीट पाहू. परदेशातलं मांस, कोंबडी किंवा अंड्यांचा प्रक्रिया केलेला माल इथे आणायचा तर आधी त्या देशाची तपासणीची पद्धत अमेरिकेच्या तोडीची ठरावी लागते. मग तिथला ठरावीक कारखाना, तिथल्या सरकारचा दाखला. माल बंदरात उतरून कस्टममधून सुटला तरी काम संपत नाही. तो शेती खात्याच्या मान्यताप्राप्त तपासणी-गोदामात न्यावा लागतो. तिथे निरीक्षक प्रत्येक खेपेचे दाखले, लेबलं आणि खोक्यांची अवस्था बघतो. काही खेपा उघडून मांस तपासतो, नमुने प्रयोगशाळेत पाठवतो. त्यानंतरच खोक्यावर ‘तपासून पास’ असा शिक्का बसतो. विकणाऱ्याचा ज्याच्याशी काडीचा संबंध नाही अशा माणसाने इथे माल बघायची ही एकच वेळ. ट्रक बंदरातून परस्पर आयातदाराच्या गोदामाकडे वळला की ती वेळ गेली. परीक्षेलाच न बसलेला पोरगा नापास झाला नाही म्हणून त्याला पास म्हणायचं, तसं ते ‘फर्स्ट क्लास’.

तपासणी हा नुसता उपचार आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी 2012 चा सप्टेंबर आठवावा. कॅनडा हा काही चोरवाटेचा देश नव्हे. तिथल्या अल्बर्टा प्रांतातल्या ब्रूक्सच्या एक्सएल फूड्स कारखान्यातून निघालेलं बीफ मोंटाना राज्यात स्वीटग्रासच्या नाक्यावर आलं. अमेरिकी खात्याच्या नेहमीच्या चाचणीत 3 सप्टेंबरला त्यात ई. कोलाय ओ157:एच7 हा जंतू सापडला. कॅनडाच्या स्वतःच्या तपासणीतही त्याच सुमारास तो दिसला. पुढे त्या देशाच्या इतिहासातला सर्वांत मोठा बीफ रिकॉल झाला आणि कॅनडात 18 जण आजारी पडल्याची नोंद झाली. त्या मालाचे दाखले व्यवस्थित होते, कारखाना मान्यताप्राप्त होता, कॅनडाचे शिक्के जागच्या जागी होते. नमुना घेतला नसता तर सीमेवर कुणाला काय कळणार होतं?

2017 मध्ये ब्राझीलचे मांस-निरीक्षक लाच घेऊन माल पास करतात हे तिथल्याच पोलिसांनी उघड केलं. लगेच अमेरिकेने तिथून येणारी बीफची प्रत्येक खेप तपासायला घेतली. तीन महिन्यांत ताज्या बीफच्या 11 टक्के मालाला प्रवेश नाकारावा लागला. बाकी जगाच्या मालात हे प्रमाण 1 टक्का होतं. ब्राझीलच्या एकूण 106 खेपा नाकारल्या गेल्या, सुमारे 19 लाख पौंड. जूनमध्ये ती आयात थांबवली गेली. त्या मालाबरोबरही सरकारी दाखले होतेच.

आता आपल्या फ्रीझरकडे येऊ. ‘आम्ही बीफ खात नाही, आम्हाला काय त्याचं?’ असं म्हणणाऱ्यांनी मासळीचा कप्पा उघडावा. पाबदा, बोआल, टेंगरा, मागूर आणि आपला शिंगाळा हे सगळे मिशावाले मासे, कॅटफिशच्या कुळातले. 2016 पासून या संपूर्ण कुळाची तपासणी मांसासारखीच शेती खात्याकडे आहे, आणि ऑगस्ट 2017 पासून आयात होणारी त्यांची प्रत्येक खेप तपासणी-गोदामात न्यावी लागते. नोव्हेंबर 2019 मध्ये पद्धत तोडीची ठरली ती तीनच देशांची: चीन, थायलंड आणि व्हिएतनाम. त्यात भारत नाही, बांगलादेश नाही, म्यानमार नाही. तरीही या देशांतले मिशावाले मासे दुकानांत सापडतात आणि रिकॉल होतात. रोहू-बोंबलांना वेगळा नियम आहे, त्यामुळे एकाच कंटेनरमध्ये त्यांच्यासोबत हे मासे घुसवणं अवघड जात नाही.

कॅटफिशची तपासणी शेती खात्याकडे देणारा कायदा मिसिसिपीच्या कॅटफिशवाल्या शेतकऱ्यांनी आपला धंदा वाचवायला रेटला, असा एक आक्षेप घेतला जातो. खरं आहे. सिनेटर जॉन मॅकेन यांनी त्याला कडाडून विरोध केला होता आणि सरकारच्याच लेखापरीक्षकांनी याला दुबार काम म्हटलं होतं. पण तपासणी सुरू झाल्यावर काही महिन्यांतच व्हिएतनाम आणि चीनच्या खेपांमध्ये मॅलाकाइट ग्रीन आणि जेन्शन व्हायोलेट सापडलं, त्याचं काय? तळ्यातल्या माशांना बुरशी लागू नये म्हणून वापरायचे हे रंग. कर्करोगाच्या धास्तीमुळे खायच्या माशांना ते चालत नाहीत. त्यांना ना वास ना चव, आणि कालवण कितीही उकळलं तरी ते पूर्ण जात नाहीत. शेतकऱ्यांचा हेतू स्वार्थी होता म्हणून आपल्या ताटातला रंग पुसला जात नाही.

चोरट्या मालाचं उदाहरण शोधायला लांब जायलाही नको. मार्च 2019 मध्ये इथून अर्ध्या तासावरच्या न्यूआर्क बंदरात चीनमधून आलेलं सुमारे 10 लाख पौंड डुकराचं मांस पकडलं गेलं. पन्नासेक कंटेनर. मांस दडवलं होतं नूडल्सच्या वाडग्यांत आणि कपडे धुण्याच्या पावडरीच्या मालात! चीनमध्ये तेव्हा आफ्रिकन स्वाइन फीव्हरने डुकरं पटापट मरत होती.

आणि इतकं होऊनही रिकॉल म्हणजे काय? विनंती. ऐकून धक्का बसेल, पण शेती खात्याला हुकूम काढून मांस परत मागवण्याचा अधिकारच नाही. 20 दिवसांपर्यंत माल अडकवून ठेवता येतो, कोर्टात जाऊन जप्त करता येतो. परत मागवायचा तो कंपनीने, आपण होऊन. बाकीच्या अन्नासाठी अन्न व औषध प्रशासनाला, म्हणजे एफडीएला, हा अधिकार 2011 मध्येच मिळाला. म्हणजे पालकाच्या जुडीसाठी सरकार हुकूम काढू शकतं, मटणासाठी हात जोडतं. शिवाय माल कोणत्या दुकानांत गेला याची यादी जाहीर होते ती फक्त पहिल्या वर्गाच्या, म्हणजे सर्वांत धोक्याच्या रिकॉलसाठी. सूचना निघेपर्यंत निम्मं पाकीट आपल्या पोटात गेलेलं असतं.

थोडं आपल्याबद्दलही बोललं पाहिजे. ‘गावाकडची चव पाहिजे’ म्हणून दुकानदाराच्या कानाशी लागणारे आपणच. मागच्या दाराने काय आलंय ते हळूच विचारणारेही आपणच. गिऱ्हाईक मागतं म्हणून आयातदार आणतो. हे थांबवल्याशिवाय नुसतं दुकानदारावर खापर फोडण्यात अर्थ नाही.

दुकानदारांकडे आमचं मागणं असं. तपासणीचा शिक्का बाहेरच्या खोक्यावर असतो, पाकिटावर नसतो, आणि खोकं तुम्ही मागच्या बाजूला फाडून टाकता. माल संपेपर्यंत ते ठेवा आणि गिऱ्हाइकाने मागितलं तर दाखवा. रिकॉलची सूचना काउंटरवर लावा, लॉटरीच्या जाहिरातीखाली नको. परत आणलेल्या पाकिटाचे पैसे पावतीशिवाय द्या. काँग्रेसमधल्या आपल्या प्रतिनिधींकडे एकच मागणी: एफडीएला आहे तो हुकमाचा अधिकार शेती खात्यालाही द्या.

आणि आपण? मिशावाल्या माशाच्या पाकिटावर देशाचं नाव आणि कारखान्याचा क्रमांक आहे का ते बघा. मांस-कोंबडी पाठवायला पात्र असलेल्या देशांतही भारत नाही. तेव्हा ‘प्रॉडक्ट ऑफ इंडिया’ लिहिलेला चिकन समोसा दिसला तर तो इथवर कसा आला हे दुकानात मोठ्याने विचारा. उत्तर पटलं नाही तर पाकिटाचा फोटो काढा आणि शेती खात्याच्या हॉटलाइनला फोन लावा: 1-888-674-6854. नाव सांगायची भीती वाटत असेल तर दुकानाचं सांगा, आपलं नको.

हे पत्रक काउंटरवर ठेवू देणाऱ्या दुकानदारांचे आभार. ज्यांनी नाही म्हटलं, त्यांच्या दाराबाहेर शनिवारी सकाळी आम्ही स्वतः ते वाटणार आहोत.

— काही मराठी गिऱ्हाइकं, एडिसन