भाडं थकलं की नियम एकच असतो का?

जळगावकरांनो, जरा हिशोब करू या.

पिंप्राळ्यात दोन खोल्यांत राहणाऱ्या माणसाने भाडं थकवलं तर काय होतं? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 15. मालकाने लेखी नोटीस द्यायची, 90 दिवस थांबायचं, मग दावा. समन्स मिळाल्यावरही 90 दिवसांत थकबाकी, 15 टक्के सरळ व्याज आणि दाव्याचा खर्च कोर्टात भरला, पुढचं भाडंही नियमित भरत राहिला, तर थकबाकीच्या कारणावरून त्याला बाहेर काढता येत नाही. नियम साफ आहे. पैसे भर, छप्पर राख.

आता आपल्या महापालिकेचे गाळे बघा. फुले मार्केटसह बहुतेक संकुलांचे करार 2012 मध्ये संपले. गाळे दोन हजारांच्या घरात. 2017 मध्ये औरंगाबाद खंडपीठाने कारवाईचा आदेश दिला. मग 81-ब च्या नोटिसा, अपिलं, मोर्चे, मंत्रालयाच्या चकरा. 2012 ला जन्मलेलं पोर मोठं झालं, वाद तिथेच!

गाळेधारक म्हणतात, रेडीरेकनरचं भाडं आणि वर पाचपट दंड परवडत नाही. बरोबर आहे. पाचपट दंड अन्यायच होता. करार संपत आलाय हे पालिकेला आधी दिसत नव्हतं का? स्वतः झोपायचं आणि उठल्यावर दुसऱ्याला दंड लावायचा, हा कुठला न्याय?

पण भाऊ, दंड अमान्य म्हणजे भाडंच माफ, असं होत नाही ना? जेवढं मान्य आहे तेवढं तरी भरा. वाद उरलेल्या रकमेचा करा, खुशाल कोर्टात जा. आणि ज्याने गाळा पोटभाड्याने देऊन तिथून बाजारभावाने भाडं उचललं, त्याने तरी परवडत नाही म्हणू नये.

पुढारी मंडळी दोन्हीकडे. निवडणुकीआधी गाळेधारकांना शब्द, नंतर आयुक्तांकडे बोट.

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक गाळ्याची थकबाकी पालिकेने वॉर्डनिहाय फलकावर लावावी. दंड काढा, व्याज रास्त लावा, हप्ते द्या. आणि मुदतीत जो भरणार नाही, त्याचा गाळा जाहीर लिलावात काढा, मग तो कोणाच्याही जवळचा असो.

कारण ते भाडं तुमच्या-माझ्या रस्त्याचं, गटारीचं, दिव्याचं आहे. खड्ड्यात गाडी आदळली की आठवा.