काटकसर दोघांची, मोबदला एकाचा

मैत्रिणींनो, मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणात रत्नागिरी जिल्ह्यातली आमची थोडी जमीन आणि हापूसची कलमं गेली. मोबदला जमा झाला ह्यांच्या खात्यात, कारण सातबाऱ्यावर नाव त्यांचं. २५ वर्षं पै-पै आम्ही दोघांनी जपली. कलमांना पाणी मी घातलं, आमसुलं विकून घरखर्च मी भागवला. पण पैशाचं काय करायचं ते ठरलं दिरांशी बोलून: घरावर स्लॅब आणि पुतण्याला धंद्यासाठी भांडवल. मला एवढंच विचारलं, "तुला एखादा दागिना हवा का?"

दागिना नको, निर्णयात वाटा हवा! हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने लेकीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क मिळाला. बायकोचं नाव मात्र नवऱ्याच्या हयातीत त्याच्या जमिनीला आपोआप लागत नाही. म्हणून तर शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती'त पुरुषांना सांगितलं होतं, बायकोच्या नावे जमीन करा.

मी ह्यांना विचारलं, "पोटाला चिमटा काढताना 'आपला संसार', आणि पैसा आला की 'माझी जमीन'?" उत्तर अजून आलेलं नाही. स्लॅब थांबलाय. ठेव दोघांच्या नावे झाल्याशिवाय मी गप्प बसणार नाही.

तुमच्या घरचा सातबारा एकदा काढून बघा. त्यावर तुम्ही आहात का?