उन्हात काळवंडणारी भिंगे

आपल्या समीक्षेत ‘चष्मा’ हा शब्द फार स्वस्त झाला आहे. मार्क्सवादी चष्मा, स्त्रीवादी चष्मा, देशीवादी चष्मा. या रूपकात एक गृहीत दडलेले असते : काचेचा रंग कायमचा ठरलेला आहे, आणि तो घालणाऱ्याने स्वतः निवडलेला आहे. बुलढाणा जिल्ह्यात घाटाखाली, पिंपळगाव राजासारख्या गावी, उन्हात काळी होणारी भिंगे लावून शाळेत जाणाऱ्या कोणाही शिक्षकाला हे गृहीत पटू नये.

या भिंगांचा रंग प्रकाश ठरवतो. अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीत आर्मिस्टेड आणि स्टूकी या संशोधकांनी १९६० च्या दशकात अशी काच घडवली. तिच्यात चांदीच्या क्षारांचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात. अतिनील किरण पडले की चांदी सुटी होते व काच काळवंडते. सावलीत तिचा पुन्हा क्षार होतो. छायाचित्राच्या फिल्मवरही चांदीच काळी पडते, पण तिथे ती काळीच राहते. फिल्म लक्षात ठेवते, ही काच विसरते. आज बहुतेक भिंगे प्लास्टिकची असतात आणि त्यांत चांदीऐवजी सेंद्रिय रंगद्रव्ये असतात. हे रेणू किरणांनी रूप पालटतात, पण उष्णतेने लवकर मूळ रूपावर येतात. म्हणजे बर्फाळ प्रदेशात ही भिंगे गडद होणार, आणि पारा ४२ अंशांपुढे गेलेल्या आपल्या मे महिन्यात, गरज सर्वांत जास्त असताना, फिकी राहणार!

थंड मुलखातले सिद्धान्त आपल्या उन्हात निरुपयोगी, असा निष्कर्ष काढण्याचा मोह इथे होतो. मला तो उथळ वाटतो. भिंग इथेही काम करते, कमी करते, इतकेच. किती कमी, हे पाहणे हेच खरे समीक्षेचे काम. आणि नेमके तेच आपण टाळतो.

दुसरी गोष्ट विलंबाची. उन्हातून वर्गात शिरल्यावर काच निवळायला काही मिनिटे लागतात. तोवर वर्ग अंधारा वाटतो, आणि मुलांना गुरुजींचे डोळे दिसत नाहीत. (वडीलधाऱ्यांसमोर काळा चष्मा लावून उभे राहणे आपल्याकडे अजून उद्धटपणाचे मानतात; बिचाऱ्या काचेला ही रीत कोण शिकवणार?) एका प्रखर कादंबरीतून उठून लगेच एखाद्या मंद स्वराच्या कवितासंग्रहाला ‘अंधूक’ ठरवणारी परीक्षणे मी बरीच वाचली आहेत. त्यांतला अंधूकपणा कवितेचा असेलच असे नाही.

यावर सोपा उपाय म्हणून ‘चष्मा काढून वाचा’ असे विद्यार्थ्यांना सांगितले जाते. पण हा नंबरचा चष्मा आहे. रंग आणि नंबर एकाच काचेत आहेत. तो उतरवला तर फळ्यावरची अक्षरेच दिसत नाहीत. तेव्हा दाराशी थोडे थांबावे, काच निवळू द्यावी, मग पुस्तक उघडावे.