चाकांवरचें घर आणि तिसरी तार

गतवर्षीं उन्हाळ्यांत आम्ही उभयतां चिरंजीवांकडे अमेरिकेंत गेलों असतां त्यांनीं प्रवासासाठीं एक मोटर-होम भाड्यानें घेतलें. विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर ही म्हण आम्हीं शाळेंत पुष्कळ वेळां समजावून दिली असेल. ती साक्षात् पाहण्याचा योग मात्र या वयांत आला. निजावयास फळ्या, शेगडी, शीतकपाट, न्हाणीघर, सर्व कांहीं एका गाडींत! यलोस्टोनचें उद्यान पाहून परततांना एका तळावर जें घडलें, तें वाचकांच्या कानीं घालावें म्हणून हा प्रपंच.

अशा गाड्यांकरितां तिकडे जागोजाग तळ असतात. प्रत्येक जागेशीं कमरेइतका खांब व त्यावर विजेची पेटी. पेटींत बहुधा वीस, तीस व पन्नास अँपिअरचीं सॉकेटें असतात. तिसाचें सॉकेट १२० व्होल्टवर ३,६०० वॅट देतें. पन्नासाच्या सॉकेटांत जिवंत तारा दोन, म्हणून तें १२,००० वॅटपर्यंत भार उचलतें. एकाचा प्लग दुसऱ्यांत बसविणारा जोड मिळतो. पण जोडानें प्लग बसतो, वीज वाढत नाहीं. तिसाच्या खांबावर वातानुकूलन, मायक्रोवेव्ह आणि पाणी तापविणें एकदम सुरू केलें कीं खटका पडलाच. हा त्रास झाला, धोका निराळा.

चिरंजीवांचा रोजचा क्रम ठरलेला असे. आधीं खांबावरचा खटका पाडावयाचा, सॉकेट करपलेलें वा सैल नाहीं ना तें पाहावयाचें, मग विजेची परीक्षा करणारें एक यंत्र त्यांत बसवून खटका चढवावयाचा. यंत्रानें कौल दिल्यावर पुनः खटका पाडून गाडीची केबल जोडावयाची. एखादा नवखा वायरमन तिसाच्या सॉकेटाला चुकून २४० व्होल्ट जोडून ठेवतो व गाडींतील यंत्रें क्षणांत जळतात; तेंहि या यंत्रास आधींच कळतें. परंतु त्या संध्याकाळीं पाऊस पडून गेलेला, अंधार होत आलेला, मुलें भुकेलेलीं. यंत्र पेटींतच राहिलें आणि केबल थेट जोडली गेली.

सौभाग्यवती ओल्या गवतावर अनवाणी तांदूळ धुऊन आल्या आणि दाराची धातूची मूठ धरतांच म्हणाल्या, “अहो, हाताला मुंग्या आल्या.” आम्हीं त्याचें खापर त्यांच्या मानेच्या जुन्या दुखण्यावर फोडलें. ही आमची चूक, व ती कबूल केल्यावांचून हा लेख लिहितां यावयाचा नाहीं. इतक्यांत नात दाराकडे धावत निघाली. चिरंजीवांनीं आंतून आईचे शब्द ऐकले होते. “नाना, तिला धरा!” असें ओरडून, दाराला न शिवतां, दोन्ही पायांनीं त्यांनीं खालीं उडी घेतली आणि खांबावरचा खटका पाडला. नंतर यंत्र लावून पाहिलें, तों भूतार तुटलेली!

विजेच्या तीन तारांपैकीं एक जिवंत, दुसरी न्यूट्रल, म्हणजे आमच्या भाषेंत उदासीन, आणि तिसरी भूतार. ही तिसरी एरवीं कांहींच काम करीत नाहीं. गाडीचा धातूचा सांगाडा रबरी चाकांवर उभा. आंतल्या एखाद्या यंत्रांतून थोडी वीज सांगाड्यांत गळली तर तिला परत नेणारी हीच एक वाट. ती तुटली कीं वीज सांगाड्यावर थांबून राहते, आणि ओल्या जमिनीवर उभें राहून जो दार धरील त्याच्या देहांतून वाट काढते. गाडींत बसलेल्यांना मात्र कांहींच जाणवत नाहीं. एक सहस्रांश अँपिअरनें मुंग्या येतात. त्याच्या पन्नास-शंभर पटींनीं हृदयाची लय बिघडून माणूस दगावूं शकतो. आणि खटका तर तीस अँपिअरची वाट पाहत असतो.

आमच्या जुन्या वाड्यांत मीठ व कोळसा घालून केलेला अर्थिंगचा खड्डा होता. उन्हाळ्यांत त्यांत पाणी ओतण्याचें काम लहानपणीं आमच्याकडे असे. त्या अधिकारानें आम्हीं सुचविलें कीं, येथेंच एक लोखंडी गज ठोकून तो गाडीला जोडावा. चिरंजीव म्हणाले, “नाना, मातीचा विरोध पंचवीस ओहम धरा आणि भागून पाहा.” आम्ही संस्कृतचे मास्तर खरे, पण १२० भागिले २५ एवढें आम्हांलाहि येतें: ४.८ अँपिअर. त्यानें तिसाचा खटका पडत नाहीं. गाडी जिवंतची जिवंत. भूतार तारेनेंच मुख्य पेटीपर्यंत गेली पाहिजे, माती तें काम करीत नाहीं. आपल्याकडे खड्ड्याच्या जोडीला गळती ओळखणारा निराळा खटका बसवितात, तो याचसाठीं.

व्यवस्थापकानें तो खांब बंद करून आम्हांला दुसरी जागा दिली. तेथें सर्व विधि यथाक्रम झाला. सकाळीं निघतांना क्रम उलटा: आधीं गाडींतील यंत्रें बंद, मग खटका, मग केबल.

घरीं परतल्यावर आम्हीं न्हाणीघरांतील गीझरचें सॉकेट उघडवून पाहिलें. वरच्या मोठ्या भोकामागें तार जोडलेलीच नव्हती. ती भिंतींत गुंडाळून ठेवलेली निघाली. वायरमन म्हणाला, “मास्तर, इतकीं वर्षें चाललेंच ना?” आम्हीं त्याच्याकडून ती तार जोडून घेतली, आणि तो तेथें आहे तोंवर इस्त्रीचा दोन पिनांचा प्लगहि बदलून घेतला.