मोजणीची नोटीस येते, मग बांधकामाची का नाही?

पवनानगर परिसरात शेजारच्या गटाची सरकारी मोजणी निघाली, की लगतच्या खातेदाराला भूमी अभिलेख कार्यालयाची नोटीस येते. पण त्याच गटात बंगले किंवा रिसॉर्ट बांधण्यासाठी अर्ज झाला, तर त्याला अनेकदा कळते ते बांधावर जेसीबी उभा राहिल्यावर. हा प्रकार बदलायला हवा.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये दोन वाटा आहेत. विकास आराखड्यात फेरबदल करून जमिनीचा झोन बदलायचा असेल, तर कलम ३७ नुसार राजपत्रात सूचना काढावी लागते. हरकतींसाठी एक महिना मिळतो, बाधितांना नोटीस आणि सुनावणीही द्यावी लागते.

बांधकाम परवानगीचे तसे नाही. कलम ४४ नुसार अर्ज होतो आणि कलम ४५ नुसार प्राधिकरण तो मंजूर किंवा नामंजूर करते. शेजाऱ्याला कळवण्याची अट यात नाही. मावळच्या गावांतील असे अर्ज पीएमआरडीएकडे जातात. गावात त्याचा पत्ता नसतो.

महारेराच्या संकेतस्थळावर माहिती मिळेल म्हणावे, तर तिथे नोंदणी लागते ती विक्रीसाठीच्या, ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या आणि आठपेक्षा जास्त घरांच्या प्रकल्पांना. एकटा फार्महाऊस त्यात बसत नाही.

इथे एवढे महत्त्व का?

पवना धरणाभोवतीची जमीन उताराची, पाऊस धो धो. वरच्या गटात भराव टाकून ओढा वळवला, की खालचे भातखाचर वाहून जाते. वहिवाटीच्या रस्त्याला कुंपण पडते. सांडपाणी जलाशयात उतरले, तर प्रश्न पिंपरी-चिंचवडच्या नळापर्यंत पोचतो. लोकांना विश्वासात न घेता घेतलेल्या निर्णयांची किंमत मावळला ठाऊक आहे. पवना जलवाहिनीविरोधातील आंदोलनात ९ ऑगस्ट २०११ रोजी पोलिस गोळीबारात तीन शेतकऱ्यांचा बळी गेला.

काम रखडणार नाही का?

ही भीती खोटी नाही. हरकतीच्या नावाखाली अडवणूक आणि वसुली होऊ शकते. म्हणून शेजाऱ्याची संमती नको, फक्त सूचना हवी. सातबाऱ्यावरील फेरफाराला हरकतीसाठी १५ दिवस मिळतात. तेवढीच मुदत इथे पुरे. हरकतीचे मुद्देही ठरलेले असावेत: हद्द, रस्ता, ओढा आणि सांडपाणी. इंग्लंडमध्ये बांधकामाचा अर्ज आला, की शेजाऱ्यांना पत्र जाते किंवा जागेवर फलक लागतो आणि म्हणणे मांडायला साधारण २१ दिवस मिळतात. तिथली बांधकामे त्यामुळे थांबलेली नाहीत.

तोवर काय कराल?

- पीएमआरडीएकडून शेजारच्या गटाचा झोन दाखला मागा.
- माहिती अधिकारात मंजूर नकाशा आणि परवानगीची प्रत मागा.
- ओढा किंवा वहिवाट अडत असेल, तर तहसीलदारांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

पण हे सगळे शेजाऱ्याने स्वतः शोधत फिरायचे का? अर्ज दाखल होताच जागेवर फलक, लगतच्या खातेदारांना नोटीस आणि ग्रामपंचायतीला प्रत, एवढे पीएमआरडीएने सुरू करावे. खर्च टपालाचा आहे. काम उभे राहिल्यानंतरची कोर्टकचेरी मात्र दोन्ही शेजाऱ्यांना पिढीभर पुरते.