शाळेच्या शेतात कोण राबणार?

शाळेच्या पोरांनी शेतात काम करावं का, हा वाद महाराष्ट्राला जुनाच. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि कितीतरी गरीब मुलं ‘कमवा आणि शिका’च्या बळावर शिकली. १९३७च्या वर्धा परिषदेत मांडलेल्या नई तालीम या शिक्षणयोजनेचाही रोख हाताच्या कामावरच होता. मात्र मुलांच्या मालातून शिक्षकांचा पगार निघावा, या अपेक्षेवर तेव्हाच टीका झाली, आणि ती रास्त होती. पगार पिकावर ठरला की मास्तरांची नजर वहीवरून काट्यावर जाते.

‘खुरपं घरीही आहे, शाळेत कशाला?’ असं शेतमजूर आई विचारते, तेव्हा तिला श्रमप्रतिष्ठा ऐकवणं सोपं आहे. पण तिचं बरोबर आहे. शहरातली मुलं फी भरून भातलावणी करतात ते शिक्षण; हिच्या मुलीने तेच केलं तर मजुरी.

फरक पडतो तो शेत कसलं आहे यावर. दोन एकर नुसता ऊस असेल तर मुलं म्हणजे फुकटचे गडी. त्याच रानात मेथी, चवळी, शेवगा, चार शेळ्या आणि गांडूळखताचा वाफा असला की रोज नवा प्रश्न उभा राहतो. चवळीचं रोप उपटून मुळावरची गाठ नखाने फोडली की आत गुलाबी दिसतं. जिवाणू नत्र धरताहेत याची ती खूण. फळ्यावर हे दाखवता येत नाही. पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. कलबागांनी १९८३पासून शेती-पशुपालनाला वर्कशॉप, ऊर्जा, आरोग्य यांची जोड दिली, म्हणून तिथलं काम शिक्षण ठरलं.

तेव्हा आमचा कौल शेताच्या बाजूने, पण अटींवर. तासिकेपुरतंच काम, पाळीपाळीने. भाजी पोषण आहारात जावी, संस्थेच्या तिजोरीत पैसा जाऊ नये. खर्चाची वही मुलांनीच लिहावी. बियाण्याचा भाव आणि मेथीच्या जुडीचा भाव शेजारी मांडले की शेतकरी का कावतो ते न सांगता कळतं.

राहिला मे महिना. शाळेला सुटी, शेळ्यांना नाही. विहीरही तेव्हाच आटते. हा भार शेवटी शिपायाच्या नाहीतर एखाद्या हौशी गुरुजींच्या गळ्यात पडतो, आणि त्यांची बदली झाली की जूनपर्यंत वाफ्यांत गवत माजतं. सरकारने परसबागेचे आदेश जरूर काढावेत. त्यातच वर्षभराच्या एका गड्याच्या पगाराची तरतूदही करावी.